सहाच्या भुकेचा हिशोब सकाळच्या बशीत

ऑफिस फोर्टात, घर भांडुपला. सहाला सुटले की सीएसएमटीला पोचेपर्यंत वडापावच्या तीन गाड्या लागतात. पहिल्या दोन मी निमूट ओलांडायचे आणि तिसरीपाशी हमखास थांबायचे. मग लोकलमध्ये पर्समधला बिस्किटांचा पुडा, घरी कुकर लावता लावता डब्यातली शेव, आणि साडेनऊला सगळ्यांबरोबर पुन्हा पूर्ण जेवण. स्वतःला खादाड म्हणवून घेण्यात काही वर्षं गेली. मग एकदा तीन आठवडे सगळं वहीत लिहून ठेवलं. सकाळी अंडं आणि डब्यात उसळ असलेल्या दिवशी तिसरी गाडीसुद्धा मागे पडत होती. निग्रह वगैरे काही वाढला नव्हता, भूकच तेवढी नव्हती.

पुढचं सगळं त्या वहीतून आणि नंतरच्या वाचनातून आलेलं आहे. बी.एस्सी.ला शिकलेलं जीवरसायन इतक्या वर्षांनी कुठेतरी कामाला आलं, एवढंच. मी डॉक्टर नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल, मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील, दिवस गेलेले असतील, किंवा खाण्यावरून मनात सतत अपराधीपणा राहत असेल, तर यातलं काहीही करण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोला.

पोट भरणं वेगळं, पोट टिकणं वेगळं

"भाकरीने आधार राहतो, भात लगेच जिरतो," असं घरोघरी म्हणतात. त्यात दोन प्रश्न एकत्र गुंतलेत. जेवताना हात कधी थांबतो हा एक, आणि थांबलेल्या हाताला पुन्हा भूक कधी लागते हा दुसरा. कलिंगडाने पोट तट्ट होतं, तासाभरात पुन्हा रिकामं. पहिल्या परीक्षेत पास, दुसरीत नापास.

पोट ताणलं गेलं की त्याची वर्दी नसांमधून मेंदूकडे जाते. तिथे मोजमाप होतं ते आकारमानाचं, कॅलरीचं नाही. अन्न पुढे लहान आतड्यात उतरलं की निरोपांची दुसरी फेरी सुरू होते. स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं पोचली की कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक सुटतं. ते जठराला सांगतं, जरा दमानं सोड. आतड्याच्या खालच्या टप्प्यात जीएलपी-१ आणि पीवायवाय ही आणखी दोन संप्रेरकं सुटतात आणि मेंदूला "पुरे" म्हणतात. वजन उतरवायच्या ज्या इंजेक्शनांची सध्या एवढी चर्चा आहे, त्यातलं सेमाग्लुटाइड याच जीएलपी-१ची नक्कल करतं. शरीराने बनवलेलं काही मिनिटांत मोडून जातं, इंजेक्शनातलं आठवडाभर टिकतं. भुकेच्या बाजूने बोलणारं संप्रेरक म्हणजे घ्रेलिन, १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी शोधलेलं. जठर रिकामं असताना ते वाढतं आणि रोजच्या जेवणाची वेळ जवळ आली की आपसूक चढतं. रोज एकला डबा उघडणाऱ्या माणसाला पाऊणलाच चुळबुळ सुरू होते, ती त्यामुळे.

आता तिघांची ओळख. प्रथिनं आणि कर्बोदकं ग्रॅमला ४ कॅलरी देतात, स्निग्ध पदार्थ ९. प्रथिनं पचवण्यातच त्यांच्या ऊर्जेतला २० ते ३० टक्के भाग खर्च होतो, कर्बोदकांचा ५ ते १० टक्के, तेलातुपाचा नाममात्र. कॅलरीला कॅलरी लावून पाहिलं तर पोट टिकवण्यात बहुतेक वेळा प्रथिनं पुढे असतात. कर्बोदकांबद्दल एका वाक्यात बोलताच येत नाही, कारण मटकीची उसळ आणि खारी बिस्किट या दोन्हींत कर्बोदकंच जास्त. आणि चरबी? ती अन्न जठरात रेंगाळत ठेवते खरी, पण इतक्या कमी जागेत इतक्या कॅलरी घेऊन येते की निरोप पोचेपर्यंत आपलं खाऊन झालेलं असतं.

याची मजेदार मोजणी १९९५ मध्ये सिडनी विद्यापीठात सुझॅना होल्ट आणि सहकाऱ्यांनी केली. ३८ पदार्थ, प्रत्येकाचा २४० कॅलरींचा वाटा, आणि दोन तास दर पंधरा मिनिटांनी भूक किती आहे ते विचारायचं. साध्या पांढऱ्या पावाला १०० गुण धरले. सर्वांत वर कोण आलं? उकडलेला बटाटा, ३२३. सर्वांत खाली लोण्याचे पापुद्रे असलेलं क्रोसाँ, ४७. आता तोच बटाटा तळून फ्रेंच फ्राईज झाला की गुण ११६, आणि वेफर्स झाला की ९१. बटाट्याला उगाच बदनाम केलंय, असं मी तेव्हापासून घरी सांगत असते. २४० कॅलरींचा उकडलेला बटाटा पाव किलोच्या वर भरतो, क्रोसाँ साठेक ग्रॅम. बटाट्याचा वडा करताना आपण बेसन, तेल आणि पाव यांच्या मदतीने त्याचा हा मोठा गुणच काढून घेतो.

पहिली पायरी: आठवडाभर वही, बाकी काही बदलायचं नाही

भुकेला मराठीत बरेच शब्द आहेत आणि ते इथे फार उपयोगी पडतात. मी तीन घेतले. "भूक" म्हणजे समोर गार पोळी-भाजी आली तरी चालेल अशी. "वखवख" म्हणजे आत्ता, ताबडतोब, काहीही द्या अशी. सोबत चिडचिड, कधी हाताला कंप. आणि "तोंड चाळवणं" म्हणजे पोळी-भाजी नको, वडाच हवा. वहीत भू, व, तो एवढी अक्षरं पुरतात. माझ्या वहीतलं एक पान असं:

"मंगळवार. ७.४० पोहे एक बशी, चहा. १०.४५ व. ११ चहा, दोन खारी. १.१० डबा: ३ पोळ्या, बटाट्याची भाजी. ३.३० व. चहा. ६.१५ व + तो. वडापाव. ७.०५ बिस्किटं (बसायला मिळालं!). ८.३० शेव. ९.४० जेवण, भूक नव्हती."

शेवटचे दोन शब्द पाहा. दिवसातलं सगळ्यांत मोठं जेवण मी भूक नसताना जेवत होते आणि खरी गरज असायची तेव्हा चहा-खारी.

पावणेअकराच्या त्या "व"चं गणित नंतर एका अभ्यासात सापडलं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात हजारावर लोकांच्या दंडाला रक्तातली साखर मोजणारे सेन्सर लावले होते. नाश्त्यानंतर साखर किती वर जाते यापेक्षा दोन-तीन तासांनी ती किती खाली घसरते, यावरून पुढची भूक जास्त नेमकी ओळखता येत होती. ज्यांची साखर मोठी घसरायची ते दिवसभरात सरासरी ३०० कॅलरींच्या आसपास जास्त खात. सगळ्यांची घसरण सारखी नसते, त्यामुळे माझा नाश्ता तुम्हाला लागू पडेलच असं नाही. वही म्हणूनच.

दुसरी पायरी: प्रथिनांची झडती

तूरडाळ रोज वजन करून घ्या असं मी म्हणणार नाही, पण एकदा घ्याच. आमच्याकडे चार माणसांच्या वरणाला जी वाटी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीय ती मी किचनच्या काट्यावर ठेवली. कोरडी डाळ ९५ ग्रॅम. म्हणजे घरभराच्या वरणात प्रथिनं २१ ग्रॅमच्या आसपास, माणशी पाच. सासूबाई शेजारी उभ्या होत्या.

"एवढंच? रोज वरण खातो की आपण!"

"आई, वरण खातो. डाळ कमी खातो."

पाहुणा आला की वरणात पाणी वाढवण्याची आपली रीत प्रेमळ आहे, पण प्रथिनं पाण्याने वाढत नाहीत.

हाताशी ठेवायचे ढोबळ आकडे: अंडं ६ ग्रॅम. मध्यम पोळी ३. भाताची मध्यम वाटी ४. वाटीभर दही ५. दुधाचा मोठा ग्लास ८. कोरडी मटकी किंवा मूग ४० ग्रॅम, म्हणजे मोड आल्यावर भरपूर वाटीभर उसळ, ९. पनीर ५० ग्रॅम, ९. सोया वडी कोरडी २५ ग्रॅम, १३. मूठभर फुटाणे ६. बांगडा १०० ग्रॅम, साधारण १९. ओल्या बोंबलाचं मात्र फसवं आहे, त्यात बरंचसं पाणीच असतं, त्यामुळे तेवढ्याच वजनात बांगड्याच्या निम्मंच हाती लागतं. सुका बोंबील हा वेगळाच प्राणी. वास सहन करणारे शेजारी असतील तर त्याच्याइतकं दाट प्रथिन स्वयंपाकघरात दुसरं शोधावं लागेल.

या आकड्यांनी माझा तो मंगळवार मोजला. दिवसभरात ४५ ग्रॅम. वाईट नाही, असं वाटलं. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं मोठ्यांसाठीचं प्रमाण किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे, माझ्या ६२ किलोला ५१. थोडंच कमी. पण संध्याकाळी सहापर्यंतचे किती? १९. उरलेले सव्वीस ग्रॅम वडापावपासून रात्रीच्या भातापर्यंत. आणि दिवसाच्या सुमारे १,९०० कॅलरींत प्रथिनांचा वाटा जेमतेम साडेनऊ टक्के.

हा टक्का महत्त्वाचा का? स्टीफन सिम्पसन आणि डेव्हिड रॉबेनहायमर या दोन संशोधकांनी सुरुवातीला टोळांवर काम केलं. खाण्यात प्रथिनांचं प्रमाण कमी केलं की टोळ एकूण खाणं वाढवायचे, जणू प्रथिनांचा कोटा भरेपर्यंत थांबायचंच नाही. माणसांच्या बाबतीतही असंच होत असावं, असा तर्क त्यांनी २००५ मध्ये मांडला. पुढे सिडनीत २२ जणांना चार-चार दिवस वेगवेगळ्या प्रमाणाचं पण चवीला सारखं जेवण दिलं. १५ टक्के प्रथिनांवरून १० टक्क्यांवर आणल्यावर लोक १२ टक्के जास्त कॅलरी खायला लागले, आणि हे जास्तीचं खाणं मुख्यतः दोन जेवणांमधल्या खारट-चटपटीत पदार्थांचं होतं. हे वाचलं तेव्हा मला आमच्या शेवेचा डबा आठवला. त्याच प्रयोगात १५ वरून २५ टक्क्यांवर नेल्याने मात्र एकूण खाणं आणखी कमी झालं नाही. म्हणजे खड्डा भरायचा आहे, टेकडी बांधायची नाही. चकचकीत पाकिटावर मोठ्या अक्षरांत "प्रोटीन" छापून दुप्पट भावाने विकलेल्या बिस्किटांची गरज इथे कुठेच लागत नाही. त्यातलं पीठ, साखर आणि तेल एकदा मागच्या बाजूला वाचून बघा.

तिसरी पायरी: नाश्ता

पोहे सोडायचे नाहीत. पोह्यांवाचून सकाळ कसली? फक्त बशीतलं प्रमाण बदलायचं. माणशी ६० ग्रॅम पोह्यांत ४ ग्रॅम प्रथिनं. पोहे ४० वर आणा, मूठभर मटार आणि २० ग्रॅम शेंगदाणे टाका, सोबत एक उकडलेलं अंडं किंवा वाटीभर दही. १६-१७ ग्रॅमपर्यंत जाता. उपम्यात भिजवलेली मूगडाळ घालता येते. थालीपिठाच्या भाजणीत डाळी आधीच आहेत, त्याला दही लावा आणि निश्चिंत राहा. घावन करायचं तर अर्धं पीठ मुगाचं. शिरा हा नाश्ता नव्हे, तो प्रसाद आहे, त्याला तिथेच राहू द्या.

सकाळच्या घाईत सगळ्यांत जास्त फसवतो तो ग्लास. पोट भरण्याच्या हिशोबात पातळ कॅलरी नीट मोजल्याच जात नाहीत. २००० सालच्या एका छोट्या प्रयोगात पंधरा जणांनी चार आठवडे रोज ४५० कॅलरी गोड पेयातून घेतल्या आणि दुसऱ्या चार आठवड्यांत तेवढ्याच जेलीच्या गोळ्यांतून. गोळ्या खाल्ल्या तेव्हा लोकांनी बाकीचं खाणं आपसूक कमी केलं, पेयाच्या वेळी नाही. म्हणून फळ चावून खा. स्टेशनबाहेरचा मोसंबीचा ज्यूस म्हणजे तीन-चार मोसंब्यांची साखर, चोथा गाळलेला. साखरेचे चार कटिंगही याच खात्यात जातात. मला चहा सोडवत नाही, मी साखर अर्ध्यावर आणली, त्याला दोन महिने लागले.

चौथी पायरी: डबा

पोळी-भाजीच्या डब्याला माझी तक्रार नाही, भाजी बटाट्याची, फ्लॉवरची किंवा भेंडीची असली की त्यात प्रथिनांचा मानकरी पोळीच उरते, एवढंच. तिसरी पोळी काढून तिच्या जागी उसळ आली पाहिजे. गव्हातली प्रथिनं लायसिन या घटकात कमी पडतात आणि कडधान्यं नेमकी तिथेच भरभक्कम, त्यामुळे ही जोडी मूळची जमलेली आहे. शिवाय कडधान्यातला चोथा अन्न आतड्यात खालपर्यंत नेतो, जिथे ती "पुरे" म्हणणारी संप्रेरकं सुटतात.

रोज उसळ करायची कोणी, हा खरा प्रश्न. मी रविवारी मटकी, मूग आणि काबुली चणे भिजवते, सोमवारी सकाळी मोड आलेले वेगवेगळ्या डब्यांत फ्रिजमध्ये. बुधवारपर्यंत मटकी-मूग, चणे उकडून फ्रीझरमध्ये, ते शुक्रवारसाठी. मासे खाणाऱ्यांच्या घरी बुधवार, शुक्रवार, रविवार तसेही सुटतात. आदल्या रात्रीचा बांगडा दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये तापवू नका, इतकी माणुसकी ठेवा. सुक्कं किंवा भुर्जी न्या.

डबा किती वेळात संपतो तेही पाहा. आमच्याकडे सुट्टी तीस मिनिटांची, त्यातली दहा रांगेत हात धुण्यात जातात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी २०१९ मध्ये वीस जणांना दोन-दोन आठवडे दोन तऱ्हेचं जेवण दिलं: एकदा कारखान्यात अतिप्रक्रिया केलेलं, एकदा घरगुती पद्धतीचं. ताटात मांडलेल्या कॅलरी, साखर, चरबी, तंतू, प्रथिनं सारखी, हवं तेवढं खा. पाकिटबंद आठवड्यांत माणसं दिवसाला ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली, आणि जेवतही भरभर होती. तिन्ही घटक जुळवले तरी पदार्थाचा मऊपणा आणि खाण्याचा वेग शिल्लक राहतो. चावावं लागणारं काहीतरी डब्यात असू द्या: काकडी, गाजर, मुळा, मोडाचे मूग कच्चे.

पाचवी पायरी: साडेचार, सहा नव्हे

एक वाजता डबा आणि साडेनऊला जेवण. मधे साडेआठ तास, त्यात एक लोकलचा प्रवास. इतका वेळ कोणताच डबा पोट टिकवत नाही आणि टिकवावा अशी अपेक्षाही चुकीची. म्हणून मधलं खाणं ठरवून ठेवायचं, आणि ते वखवख सुटण्याआधी खायचं. वखवखलेला माणूस निवड करत नाही, दिसेल ते उचलतो.

मी साडेचारचा गजर लावला. मूठभर फुटाणे आणि त्यात थोडे शेंगदाणे. कधी उकडलेलं अंडं. कधी घरून नेलेलं दही. उकडलेल्या शेंगा मिळाल्या तर त्या उत्तम, सोलण्यात वेळ जातो. भेळ खायची तर सुकी, कुरमुऱ्यांत भाजलेले चणे, कांदा, टोमॅटो, कैरी जास्त आणि शेव वरून चिमूटभर. पहिल्या आठवड्यात मी गजर चार वेळा बंद करून काम करत बसले. त्या चारही दिवशी तिसरी गाडी चुकली नाही, वहीत आहे.

वडापाव खाऊच नये? मी शनिवारी खाते. उभ्याने, गरम, सुक्या चटणीसकट. "तो" या खात्यातली इच्छा "तो" म्हणूनच पुरवली की एकावर भागते. "व" म्हणून खाल्लेला वडापाव मात्र एकटा कधीच येत नाही.

सहावी पायरी: तेलाची बाटली

इथे थोडक्यात. एक मोठा चमचा तेल म्हणजे साधारण १२० कॅलरी, आणि भाजीत तो एक चमचा की तीन, हे पोटाला कळत नाही. इंग्लंडच्या लीड्स विद्यापीठात जॉन ब्लन्डेल यांच्या गटाने दाखवलं की चरबीने भरलेलं जेवण लोक मुद्दाम नव्हे, नकळत जास्त खातात. म्हणून बाटलीतून थेट कढईत ओतायचं बंद, चमच्याने मोजायचं. पण वरणभातावरचं चमचाभर तूप काढू नका. त्यात ४५ कॅलरी असतात, आणि ते काढून घेतल्यावर मी रात्री अकराला फ्रिज उघडायचे. चवीने जेवल्यासारखं वाटलं पाहिजे, नाहीतर उरलेलं समाधान माणूस दुसरीकडे शोधतो. शेंगदाणे, तीळ, ओलं खोबरं यांतली चरबी चोथ्याबरोबर येते, चावावी लागते, ती मला तळलेल्यापेक्षा कधीही परवडली. चकली, खारी, शेव यांत पीठ आणि तेल असं गुंफलेलं असतं की हात थांबवायला प्रथिनही पुरेसं नाही आणि पाणीही नाही.

सातवी पायरी: रात्रीच्या ताटाची सुरुवात

मराठी पानात सुरुवात वरणभाताने होते, शेवट ताकभाताने. मधे पोळी. म्हणजे दोन्ही टोकांना भात. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेलमध्ये अल्पना शुक्ला आणि सहकाऱ्यांनी मधुमेह असलेल्या ११ जणांना एकच जेवण दोन क्रमांनी दिलं. आधी भाज्या आणि कोंबडी, नंतर पाव-रस, या क्रमाने जेवल्यावर तासाभराने मोजलेली साखर एक तृतीयांशाहून जास्त कमी निघाली. संख्या लहान, आणि हे साखरेबद्दल आहे, भुकेबद्दल नव्हे. तरी आपल्या पानाच्या डाव्या बाजूला कोशिंबीर वाढलेली असतेच. तिला तोंडी लावणं न समजता तिच्यापासून सुरुवात करायला खर्च काय? आम्ही आता कोशिंबीर आणि उसळ आधी, मग पोळी, मग भात असं जेवतो. सासूबाई पहिला घास वरणभाताचाच घेतात, त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

दुसरी युक्ती वाटीभर गरम सार. बार्बरा रोल्स यांनी पेन्सिल्व्हेनियात यावर बरंच काम केलंय. जेवणाआधी सूप दिल्यावर सूपासकट एकूण कॅलरी सुमारे २० टक्क्यांनी कमी झाल्या. त्याआधीच्या प्रयोगात तेच जिन्नस आणि तेवढंच पाणी: पदार्थ वेगळा आणि पाणी ग्लासात दिलं तर फरक नाही, पाणी पदार्थात मिसळून सूप केलं की बायका कमी जेवल्या. म्हणून "जेवणाआधी दोन ग्लास पाणी पी" या सल्ल्यापेक्षा टोमॅटोचं सार, कळण किंवा कुळथाचं पिठलं पातळ करून प्यायलेलं जास्त उपयोगी. कळण तर उसळीचं पाणीच, फुकटात मिळतं.

आणि झोप. रात्री बारा ते पाच झोपून ५.४०ची गाडी पकडणाऱ्यांनी वरचं सगळं केलं तरी भूक खवळलेली राहील. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात साडेसहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना तासाभराने जास्त झोपवलं, आणि त्यांचं खाणं दिवसाला सुमारे २७० कॅलरींनी आपोआप घटलं. आहाराबद्दल त्यांना एक शब्दही सांगितला नव्हता.

उपासाचा दिवस

एकादशी, दुप्पट खाशी, ही म्हण ज्याने काढली त्याला सगळं ठाऊक होतं. १०० ग्रॅम साबुदाण्यात प्रथिन अर्धा ग्रॅमसुद्धा नसतं, तो जवळजवळ शुद्ध स्टार्च. खिचडीला थोडाफार दम येतो तो दाण्याच्या कुटामुळे. आमच्याकडे गुरुवार पाळतात आणि माझ्या वहीत तीन आठवड्यांचे तिन्ही गुरुवार "व"ने भरलेले होते.

इलाज उपासाच्याच पदार्थांत आहे. साबुदाणा निम्मा करून कूट दुप्पट करा. खिचडीऐवजी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, आमटी घट्ट. राजगिऱ्याच्या पिठाचं थालीपीठ, सोबत वाटीभर दही. उकडलेलं रताळं किंवा बटाटा, न तळता. चालत असेल तर पनीर. दुपारी दूध ग्लासभर, त्यात साखर नको.

गेल्या गुरुवारी सासूबाईंनी न सांगता आमटीचे दाणे मोजून घेतले, माणशी मूठ. डबा उघडला तेव्हा वरीचा भात कमी आणि आमटी काठोकाठ. साडेचारचा गजर वाजला, मी दाण्याची चिक्की पर्समधून काढली आणि भूक नाही म्हणून परत ठेवली. तिसरी गाडी ओलांडली. चिक्की कुर्ल्यापर्यंत टिकली.